लाल टॉवेलवाला

मधल्या सुट्टीत



परवापर्यंत माझ्या टेबलाच्या खणात एक टॉवेल होता. लाल रंगाचा, एका कडेला उसवलेला, तेलाचा वास येणारा. खण उघडला की आधी टॉवेल दिसायचा आणि मग हजेरीपट. तो टॉवेल मी जप्त केला होता. आज त्याचीच गोष्ट सांगते. गोष्ट थोडी लांबची आहे. नाशिकहून निघून मालेगावपर्यंत जाते, म्हणजे शंभरएक किलोमीटर! डबा खात खात वाचा.

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं नाव सांगत नाही, आपण त्याला लाल टॉवेलवाला म्हणू. हुशार आहे, गणितात पक्का आहे, धावतो तर असा की बघत राहावं. गेल्या महिन्यात त्यानं मधल्या सुट्टीत एक नवा खेळ काढला. गळ्याभोवती टॉवेल बांधायचा, दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे, छाती पुढं काढायची आणि पाण्याच्या टाकीजवळ नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही, हसायचं तेही अगदी थोडंसं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं मान खाली घालायची आणि डब्यातला खाऊ द्यायचा. जो देणार नाही, त्याच्याकडं हा डोळे बारीक करून बघायचा. बघितलं की तो ‘जळाला’. आणि जळालेल्याशी दिवसभर कुणी बोलायचं नाही.

मला वाटलं, सुपरहिरोचा खेळ आहे, खेळू देत. लहानपणी आम्हीही खेळलोच होतो की!

चार दिवसांनी दुसरीतल्या एका बारक्या मुलाची आजी शाळेत आली. पदरानं घाम पुसत म्हणाली, “बाई, आमचा पोरगा शाळेत यायला नाही म्हणतो. पोट दुखतं म्हणतो. काल रात्री विचारलं तर म्हणतो, मी जळालोय, आता माझ्याशी कुणीच बोलत नाही.”

सलग चार दिवस त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. दुसरीतलं पोर, मुलांनो! चार दिवस म्हणजे त्याला चार वर्षं.

मग मी काय केलं? जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी तरातरा वर्गात गेले, लाल टॉवेलवाल्याला सगळ्यांसमोर उभं केलं, खूप बोलले, टॉवेल ओढून घेतला आणि खणात टाकला. तासभर त्याला तसंच उभं ठेवलं. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ टॉवेलाशिवाय सुरू होता. फक्त टाकीऐवजी फाटकाबाहेर.

संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, मी तरी वेगळं काय केलं होतं? माझ्या हातात ताकद होती, त्याच्या हातात नव्हती. मी त्याला सगळ्यांसमोर ‘जाळलं’. तो खेळ मीही खेळले होते, तोही न कळत!

म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला थांबवलं. पायरीवर बसलो दोघं. मी विचारलं, “हा खेळ कुठं शिकलास रे?”

“मोबाइलवर, बाई. दादा बघतो. तो सगळ्यात भारी सुपरहिरो आहे. त्याला कुणीच हरवू शकत नाही. सगळे त्याला घाबरतात.”

नाव विचारलं. अमेरिकेतली मालिका निघाली, ‘द बॉइज’. त्यातलं ते पात्र, होमलँडर. यानं पूर्ण मालिका नव्हती पाहिली. दादाच्या मोबाइलवर येणारे अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाहिले होते. झेंड्यासारखा झगा वाऱ्यावर उडतोय, मागं दणदणीत संगीत, आणि तो नुसता उभा.

रात्री मी स्वतः ती मालिका लावली. तीन भाग पाहिले. खरं सांगते, मला मोठ्या बाईला पुढं बघवेना. रक्तपात इतका की मी दोनदा डोळे मिटले. पण एक गोष्ट मला कळली, आणि ती दुसऱ्या दिवशी मी टॉवेलवाल्याला सांगितली.

म्हटलं, “अरे, तू ज्याची नक्कल करतोस ना, तो त्या गोष्टीतला हिरो नाहीच. तोच तर खलनायक आहे.”

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “पण बाई, त्याला तर झगा आहे!”

मुलांनो, खरी गोम इथं आहे. नीट ऐका.

‘द बॉइज’ आधी चित्रकथा होती. गार्थ एनिस यांनी लिहिलेली आणि डॅरिक रॉबर्टसन यांनी चितारलेली ही चित्रकथा २००६ ते २०१२ या काळात अंकांमधून निघाली. २०१९ साली तिच्यावर मालिका आली. चित्रकथा म्हटलं की आपल्याला वाटतं, ती मुलांसाठीच असणार. पण चित्रं असली म्हणजे गोष्ट मुलांची होत नाही. ही गोष्ट पहिल्यापासून मोठ्यांसाठीच होती. लेखकानं विचारलेला प्रश्न असा: एखाद्याला अफाट ताकद मिळाली, त्याला जाब विचारणारं कुणी नसलं, आणि एखादी कंपनी त्याच्या नावावर सिनेमे, जाहिराती नि खेळणी विकून पैसे कमवू लागली, तर तो माणूस चांगलाच राहील का? लेखकाचं उत्तर आहे, बहुतेक नाही राहणार. ती सगळी मालिका म्हणजे एक मोठी धोक्याची पाटी आहे. पण पाटीवरची अक्षरं पुसून नुसता लाल रंग दाखवला, तर लांबून ती पताकाच वाटेल ना? अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात नेमकं तेच होतं. माणूस रुबाबात उभा दिसतो. तो असा का उभा आहे, आधी काय करून आलाय, त्याच्यामुळं कोण रडतंय, ते सगळं कापलेलं असतं. अर्धी गोष्ट ही कधी कधी उलटी गोष्ट असते, बरं का!

आता वयाच्या खुणांविषयी थोडं. त्या कशाला असतात, हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलंय का? नुसतं “हे तुझ्यासाठी नाही, उठ!” असं म्हणतात आणि मग आपल्याला तेच बघावंसं वाटतं.

आपल्या देशात मोबाइल नि टीव्हीवर इंटरनेटमधून दिसणाऱ्या मालिकांसाठी २०२१ साली सरकारनं नियम केले. त्यांत पाच पायऱ्या आहेत. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी. मग ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’ आणि ‘यू/ए १६+’. म्हणजे त्या वयाखालच्या मुलांनी आईबाबांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं. शेवटची ‘ए’, फक्त मोठ्यांसाठी. १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता यावं, अशी सोय कंपनीनं द्यायला हवी, असंही त्या नियमांत आहे. मालिका सुरू होताना कोपऱ्यात ही खूण येते, सोबत ‘हिंसा’ किंवा ‘वाईट भाषा’ असंही लिहिलेलं असतं. २०२४ मध्ये थिएटरातल्या सिनेमांनाही अशाच ७, १३ आणि १६ च्या पायऱ्या आल्या.

पण गंमत बघा. पूर्ण मालिकेला कुलूप आहे, पण तिचा कापलेला तुकडा मोबाइलवर फिरायला लागला की खूण मागंच राहते. औषधाच्या बाटलीवर ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या दोन गोळ्या कुणी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या तर? पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. गोळी मात्र तीच! तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या माझ्या दादा-ताई वाचकांनो, तुम्ही गालात हसत असाल, पण ही विनंती तुम्हालाच आहे. तुमच्या मांडीला मांडी लावून कोण बसलंय, एवढं बघत जा.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना सुपरहिरो आवडतच नाहीत. छे! माझ्या कपाळावर उजव्या बाजूला एक बारीक खूण आहे. ती सुपरहिरोचीच आहे.

माझ्या बाबांच्या लहानपणी वेताळ होता. ली फॉक यांनी १९३६ साली जन्माला घातलेला फँटम १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडं आला, आणि मराठीत तो वेताळ झाला. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत ते अंक होते. वेताळाला उडता येत नव्हतं, डोळ्यांतून आगही निघत नव्हती. तो आपला घोड्यावर बसायचा.

आमच्या लहानपणी शक्तिमान आला. दूरदर्शनवर १९९७ ते २००५ अशी ती मालिका चालली. मुकेश खन्ना यांचा शक्तिमान, आणि तेच चष्मा लावून पुढं दात घेऊन गंगाधर व्हायचे. गंगाधर वर्तमानपत्रात फोटो काढायचा. रविवारी मिसळ खाऊन झाली की आमची अख्खी गल्ली टीव्हीसमोर. एक हात वर करून गरागरा फिरलं की गंगाधरचा शक्तिमान होतो, हे आम्हाला तोंडपाठ. मीही फिरले. बावीस गिरक्या मोजल्याचं आठवतं. तेविसाव्या गिरकीला लोखंडी कपाट आडवं आलं. तीन टाके पडले!

त्या काळात देशभर अशा बऱ्याच तक्रारी झाल्या. मुलं नक्कल करतात, इजा करून घेतात, अशा बातम्या छापून यायच्या. त्यातल्या सगळ्याच खऱ्या होत्या असं नाही. पण मुकेश खन्ना पडद्यावरून मुलांना सांगायचे की असं काही करू नका. भागाच्या शेवटी चांगल्या सवयींचे चार शब्दही असायचे. म्हणजे सुपरहिरो थांबून आमच्याशी बोलायचा. अर्ध्या मिनिटाचा तुकडा थांबत नाही, आणि बोलत तर नाहीच. तो संपायच्या आत दुसरा येतो.

हे सगळं मी टॉवेलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग बाई, खरा सुपरहिरो कोण?”

मी म्हटलं, “आपल्याच जिल्ह्यात होता.”

आता चला मालेगावला. नाशिक जिल्ह्यातलंच गाव, मोसम नदीच्या काठचं. यंत्रमागांचं गाव. दिवसरात्र खडखड, खडखड. शुक्रवारी माग बंद आणि सिनेमाला गर्दी. तिथं शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. सिनेमे दाखवता दाखवता त्याला वाटलं, आपणच एक काढावा. म्हणून २००० च्या सुमारास गावातल्याच माणसांना घेऊन त्यानं ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसे जवळजवळ नाहीतच, कॅमेरा साधा व्हिडिओचा. गाव फिदा झालं!

मग २००८ च्या सुमाराला त्यानं ठरवलं, आता सुपरमॅन. मूळ सुपरमॅन १९३८ चा, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुण अमेरिकन मित्रांच्या डोक्यातून निघालेला, चांगला आडदांड पहिलवान. मालेगावचा सुपरमॅन झाला शफीक शेख. यंत्रमागावरचा कामगार, काडीसारखा बारीक. निळा पोशाख, लाल झगा, पायात चपला आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. या सुपरमॅनचा शत्रू कोण, ठाऊक आहे? गावात घाण आणि तंबाखूचं व्यसन पसरवणारा खलनायक!

सुपरमॅनला उडवायचं कसं? नासिरनं ती युक्ती शिकून घेतली. मागं हिरवं कापड लावायचं आणि माणसाला आडवा करून चित्रीकरण करायचं. मग संगणकाला सांगायचं, जिथं जिथं हिरवं दिसेल तिथं आभाळ टाक. हिरवाच रंग का? कारण आपल्या कातडीत हिरवा रंग नसतो, सुपरमॅनच्या निळ्या-लाल कपड्यांतही नसतो. म्हणून संगणक गोंधळत नाही. सुपरमॅनचा सदरा हिरवा असता तर नुसतं डोकं उडालं असतं! एकदा तर चित्रीकरण चालू असताना त्यांचा कॅमेराच पाण्यात पडला. एकुलता एक कॅमेरा. तो दुरुस्त केला आणि पुन्हा सुरू.

या सगळ्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी एक माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. तो २०१२ साली आपल्याकडच्या थिएटरांतही लागला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट आला, तोही याच मित्रांवर.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा पोरं नाडीपाशी इतकी हसली की शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून बघितलं. पण गोष्ट अजून संपली नव्हती. मी जरा थांबले. सांगावं की नाही? मग सांगितलं. अर्धी गोष्ट सांगायची नाही, असं मीच म्हणाले होते ना!

पडद्यावर तंबाखूवाल्या खलनायकाला हरवणारा शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला. अगदी तरुणपणी. आपला सिनेमा गावातल्या लोकांनी बघितलेला त्याला बघायला मिळाला, पण तेव्हा तो फार आजारी होता. त्यानंतर थोड्याच काळात तो गेला.

वर्ग गप्प. बऱ्याच वेळानं मागच्या बाकावरून आवाज आला. लाल टॉवेलवाल्याचाच. “पण बाई, तो जिंकला होता ना?”

काय उत्तर देणार होते मी? म्हटलं, “सिनेमात जिंकला. सिनेमात खलनायक एकदा हरला की हरतो. इथं तो रोज पुडीत बसून टपरीवर लोंबत असतो. त्याला रोज हरवावं लागतं.” तंबाखू आणि गुटख्यानं तोंडाचा कर्करोग होतो, हे मुलांना माहीत होतं, पाटीवर वाचलेलं होतं. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं मनाई आहे, तेही मी सांगितलं. एक मुलगी म्हणाली, “माझे पप्पा खातात.” दुसरा म्हणाला, “माझे आजोबापण.” त्या दिवशी सात हात वर झाले. मी ते मोजले आणि फळ्याकडं वळून खडू शोधत राहिले.

मग शनिवारी आम्ही एक प्रयोग केला. घरून मी हिरवी चादर नेली. ती भिंतीवर खिळ्यांना अडकवली. समोर बाक ठेवला, त्यावरही हिरवं कापड पसरलं. माझ्या मोबाइलवर हिरवं काढून चित्र घालायची सोय आहे, ती आदल्या रात्री शिकून घेतली होती. आभाळाच्या जागी आपल्या गोदाघाटाचा फोटो! आता उडायचं कुणी? सगळेच “मी, मी!”

मी खण उघडला, टॉवेल काढला आणि लाल टॉवेलवाल्याच्या हातात दिला. म्हटलं, “तू ठरव.”

तो थोडा वेळ टॉवेल हातात घेऊन उभा राहिला. मग बाहेर गेला. आला तो दुसरीतल्या त्या बारक्याला हाताला धरून. मला म्हणाला, “याला उडवू बाई. हा हलका आहे.” बस्स, एवढंच. माफी नाही, काही नाही. बारक्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग टॉवेलाकडं, आणि चढला बाकावर.

पोटावर आडवा झाला, हात पुढं केले. टॉवेल उडावा म्हणून दोन मुली पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. बाक डुगडुगत होता, म्हणून लाल टॉवेलवाला बाकाखाली बसून दोन्ही हातांनी पाय घट्ट धरून होता. चित्रीकरणात तो कुठंच दिसत नाही. दिसतो तो गोदावरीवरून उडणारा बारक्या, तोंडभर हसणारा, पुढचे दोन दात पडलेला.

सोमवारी आजी शाळेत आली नाही. बारक्या एकटाच आला, पळत.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका हं. काल परत टाकीजवळ थोडी ढकलाढकली झालीच. पण आता मुलं एकमेकांना विचारतात, “तू होमलँडर का सुपरमॅन?” आणि मी आवाज चढवला की माझ्याकडंही बघतात. मग मी आवाज खाली घेते.

आता तुमचं काम. तुमचा स्वतःचा एक सुपरहिरो तयार करा. चित्र काढा, नाव द्या, कपडे द्या. नाडी लोंबली तरी चालेल! पण दोन गोष्टी नक्की लिहा. त्याला काय काय येत नाही? आणि तो चुकला तर त्याला थांबवणारं कोण आहे? पहिलं सोपं वाटेल. दुसऱ्यावर जरा विचार करा, आणि मला कळवा.

घंटा झाली. डबा धुऊन ठेवा.

तुमच्या,
बाई